जुनी मोटार आणि नवा तंटा

शाहूपुरी ही पेठच मुळी सौद्यासाठी वसली. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरास आली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ साली, राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ ही व्यापारपेठ वसविली. गूळ आला, अडते आले, वखारी उभ्या राहिल्या. गुळाच्या सौद्याची एक मोठी सोय अशी की, रवा फोडून पाहता येतो. आतला रंग, कण आणि गोडी यांविषयी घेणाऱ्याला अडत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. त्याची जीभ त्याच्याजवळ असते. जुन्या मोटारीचे तसे नाही. ती फोडून पाहता येत नाही, आणि वरून जे दिसते ते बहुधा आदल्या दिवशी पॉलिश केलेले असते. घेणाऱ्याला जे ठाऊक नाही ते विकणाऱ्याला ठाऊक असते. या विषयातील सगळे तंटे या एका गोष्टीतून निघतात.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमका हाच विषय घेऊन एक निबंध लिहिला. वरून गोमटी आणि आतून नासकी निघालेल्या गाडीला अमेरिकेत 'लिंबू' म्हणतात. अकरलॉफचे म्हणणे असे: चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणते हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही, म्हणून तो दोहोंना मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मागे लिंबेच उरतात, भाव आणखी खाली येतो, आणि अखेर प्रामाणिक विक्रेत्यालाही कोणी विश्वासाने दाम देईनासे होते. या आणि अशा विचारांबद्दल त्याला २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपण लिंबू गाडीच्या पुढे टांगतो. अमेरिकन माणसाला ते गाडीतच सापडते, एवढाच काय तो फरक.

आता कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. १८७२ सालच्या करार अधिनियमात मोटारीचे नाव नाही, कारण तेव्हा मोटारच नव्हती. पण त्यात एक घोडा आहे, आणि तो घोडा अजून आपल्या उपयोगी पडतो. एका माणसाचा घोडा सदोष आहे व हे त्याला ठाऊक आहे. तो घोडा लिलावात विकताना तो काहीच बोलला नाही, तर कायदा म्हणतो की ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नाही. परंतु घेणाऱ्याने जर स्पष्ट म्हटले, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा धड आहे असे मी समजेन," आणि यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय ताडणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तो हेड्याला चार लोकांदेखत विचारतो, "मारका नाही ना? पायात काही नाही ना?" मोटार घेणारा सुशिक्षित माणूस मात्र रंग पाहतो, गाणी वाजतात की नाही ते पाहतो, आणि विचारायचे ते विचारीत नाही.

म्हणून विचारावे, आणि तोंडी विचारू नये. गाडीला अपघात झाला होता काय? ती पुराच्या पाण्यात सापडली होती काय? मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत काय? इंजिन उघडले होते काय? कर्ज बाकी आहे काय? हे प्रश्न मोबाईलवरील संदेशात पाठवावेत आणि उत्तर त्याच जागी मागावे. गप्प राहिला तर त्याचे गप्प राहणे आपल्याजवळ तारखेसह शिल्लक राहते.

पुराच्या पाण्याचा प्रश्न कोल्हापूरकराने कधीही गाळू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक हा सारा भाग पाण्याखाली गेलेला आपण पाहिला. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पुढे धुतल्या गेल्या, वाळविल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कुठे ना कुठे अजून धावत असणार. पाण्यात राहिलेल्या गाडीचे इंजिन साफ करता येते, पण तारांचे जुडगे आणि विजेची नियंत्रक पेटी यांना आतून लागलेला गंज सहा-सहा महिन्यांनी डोके वर काढतो. आज दिवे लागत नाहीत, उद्या काच खाली येत नाही, परवा गाडी भर रस्त्यात बंद पडते, आणि दर वेळी मिस्त्री वेगळे कारण सांगतो. अशी गाडी ओळखायची तर पायाखालचे पायपोस नव्हे, त्याच्या खालचा मूळ गालिचा उचलून बघावा. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या खाचा बघाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. धुणाऱ्याचा हात तेथवर सहसा पोचत नाही, आणि गाळाची रेघ तेथेच राहते.

दुसरी खूण कागदावर असते. विम्याच्या जुन्या पॉलिसीत 'नो क्लेम बोनस' म्हणून एक ओळ असते. मालकाने भरपाई मागितली नसेल तर ही सवलत एका वर्षानंतर २० टक्के, आणि पुढे वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. सहा वर्षे एकाच हाती असलेल्या गाडीच्या ताज्या पॉलिसीत ही सवलत शून्य दिसली, तर नुकतीच भरपाई घेतली गेली असावी असे समजून पुढचा प्रश्न विचारावा. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. ती विकत मिळत नाही. मीटरच्या आकड्याचेही तसेच. यांत्रिक मीटर मागे फिरवायला हात लागे, आताच्या मीटरला एक यंत्र जोडले की काम भागते. अधिकृत सर्व्हिस स्टेशनात दर खेपेला किलोमीटरची नोंद होते. ती नोंद मालकाकरवी मागवावी. नोंद द्यायला खळखळ होते तेथे आकड्यावर विश्वास ठेवू नये.

हे सारे करूनही गाडी नादुरुस्त निघाली, तर? येथे पहिला विवेक हवा. आठ वर्षांच्या गाडीचे क्लच झिजलेले असणे हा दोष नव्हे, ते तिचे वय आहे. टायर, बॅटरी, ब्रेकचे लायनर या गोष्टी जुन्या गाडीत जुन्याच असायच्या, आणि त्यांसाठी भांडणाऱ्याचे कोर्टात हसे होते. १९३० च्या माल विक्री अधिनियमात असे आहे की, त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो माल विक्रीयोग्य दर्जाचा आहे ही अट न बोलताही सौद्यात धरली जाते. परंतु घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याविषयी पुढे तक्रार चालत नाही. म्हणजे फुटलेल्या दिव्याबद्दल तक्रार नाही. पण वेल्डिंगने जोडून वर रंग दिलेल्या चासीबद्दल आहे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. तो नव्या मालापुरताच आहे अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. वस्तू नवी असावी अशी अट नाही. दोषाची जी व्याख्या आहे तीत कायद्याने वा कराराने ठरलेल्या दर्जातील उणीव तर येतेच, शिवाय व्यापाऱ्याने स्वतः जे सांगितले त्याहून माल उणा असणे हेही येते. ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची. "एकच मालक, विनाअपघात, ६० हजार किलोमीटर" अशी जाहिरात त्याने दिली असेल, तर गाडीचा दर्जा त्याने आपल्या हाताने लिहून दिला. तो जाहिरातीचा फोटो जपून ठेवावा. गाडी विकली गेली की जाहिरात नाहीशी होते. त्याच कायद्यात बिल न देणे हा अनुचित व्यापार आहे. आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास व पैसे परत देण्यास नकार देणे हाही अनुचित व्यापार आहे. या ३० दिवसांमुळेच पहिल्या महिन्यात लेखी तक्रार करण्याला मोल आहे. "बघू, सुट्टीत दाखवू" असे म्हणता म्हणता तो महिना निघून जातो.

गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्याने २०११ साली बनलेल्या गाडीचे पैसे मोजले. हाती आलेली गाडी २००९ ची, आधी काहीशे किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली होती. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग या साऱ्यांनी ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बनविणाऱ्या टाटा मोटर्सला मात्र जबाबदारीतून मोकळे केले. विक्रेत्याने काय केले हे कंपनीला ठाऊक होते असा पुरावा नव्हता, आणि दोघांतला व्यवहार मालक-नोकराचा नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांतला होता. यातून घेण्याचा धडा व्यवहारी आहे: मोठे नाव म्हणून कंपनीच्या मागे लागू नये. ज्याने विकले, ज्याने पैसे घेतले, त्याचा पदर धरावा.

पण विकले कोणी? जुन्या गाड्यांच्या तंट्यात सर्वांत चिवट मुद्दा हाच. गाडी दुकानात पाहिली, पैसे दुकानात दिले, हमी दुकानदाराने दिली, तक्रार घेऊन गेल्यावर तो म्हणतो, "आम्ही नुसते मध्यस्थ. गाडी अमक्याची, आरसी बुकावर नाव त्याचे, तुमचा व्यवहार त्याच्याशी." आणि तो अमका एक तर सापडत नाही, नाहीतर म्हणतो की मी तर वर्षापूर्वीच गाडी दुकानात देऊन पैसे घेतले. पूर्वी या पळवाटेला मोठी जागा होती. २२ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे नोंदणी झालेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. त्याची मुदत पाच वर्षांची. मालकाने अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिली की, तशी सूचना ऑनलाइन करावयाची, आणि तेव्हापासून तो विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. कागदपत्रांची आणि त्या काळात घडणाऱ्या घटनांची जबाबदारी त्याची. अशी गाडी त्याने सार्वजनिक रस्त्यावर फिरवायची ती चाचणी, दुरुस्ती, तपासणी वगैरे कामापुरतीच, आणि फेऱ्यांची नोंदवही ठेवायची. म्हणून दुकानात शिरल्यावर गाडीआधी प्राधिकारपत्र पाहावे. ते नाही असे दिसले, तर निदान पावती दुकानाच्या नावाची, शिक्क्याची घ्यावी आणि पैसे दुकानाच्या खात्यावर भरावेत. रोख मागणाऱ्याला दोन टक्के सूट द्यायची असते ती का, हे आता वेगळे सांगायला नको. आणि खरोखरच तो दलाल असेल, तर त्याने दलाली घेऊन सेवा दिली आहे. सेवेतील उणिवेबद्दल त्याच्यावरही तक्रार चालते.

उलट, शेजारच्या गृहस्थाची गाडी आपण परस्पर घेतली, तर ग्राहक आयोग कामाचा नाही. तो गृहस्थ व्यापारी नव्हे. त्याने खोटे सांगून विकली असेल तर करार अधिनियमाचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि मुदत तीन वर्षांची असते.

समजा, राजारामपुरीतल्या एका शिक्षकाने सव्वातीन लाखांना गाडी घेतली आणि बाराव्या दिवशी इंजिन तापून बंद पडले. त्याने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे उद्यमनगरात नेऊन इंजिन खोलू नये. मिस्त्री कितीही ओळखीचा असो, एकदा भाग सुटे झाले की दोष आधीचा की खोलणाऱ्याचा हे कोणी सांगू शकत नाही, आणि विक्रेत्याला उत्तर मिळते. गाडी आहे तशी उभी करावी, मीटरचा आणि इंजिनाचा फोटो घ्यावा, त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवून पाहणीस बोलवावे. तो आला नाही तर अधिकृत सर्व्हिस स्टेशनकडून किंवा विम्याच्या कामाचा परवाना असलेल्या सर्व्हेयरकडून कारणांसह लेखी अहवाल घ्यावा. अहवालात "इंजिन खराब" एवढेच असून चालत नाही. दोष जुना कशावरून ते त्यात हवे. सिलिंडर हेड पूर्वी घासलेले आहे, गॅस्किट नव्याने बसविलेले आहे, पाणी थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये काही ओतलेले आहे, अशा खुणांवरच सारा दावा उभा राहतो. मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस: काय सांगितले होते, काय निघाले, काय हवे, आणि पंधरा दिवसांची मुदत. मागणी माफक असावी. ४८ हजारांच्या दुरुस्तीसाठी पाच लाखांचा मनस्ताप मागणारा अर्ज वाचणाऱ्याच्या मनातून पहिल्या पानालाच उतरतो.

नोटिशीने बरीच प्रकरणे मिटतात, कारण दुकानदाराला गावात धंदा करायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदविता येते, हुकूम मात्र मिळत नाही. हुकूम जिल्हा ग्राहक आयोग देतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी एक पैसाही नाही. म्हणजे आपल्या शिक्षकाला खर्च कागदांचाच. १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच जावे लागे. आता ग्राहक राहतो तेथेही तक्रार चालते. पुण्याच्या दुकानातून गाडी घेतलेला शाहूपुरीचा माणूस कोल्हापुरातच दाद मागू शकतो, ही सुधारणा लहान नव्हे. वकील पाहिजेच असे नाही. मुदत दोन वर्षांची. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, लावण्याचा प्रयत्न करावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ जातो हे जाणाऱ्याने धरून चालावे.

गाडी भाड्याने फिरविण्यासाठी घेतली असेल तर "तुम्ही ग्राहकच नव्हे, हा धंदा आहे" असा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच देऊन ठेवले आहे: स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा माणूस ग्राहकच होय. चार गाड्या घेऊन चार ड्रायव्हर ठेवणारा नव्हे. "आहे त्या स्थितीत विकली" या छापील ओळीलाही बिचकू नये. त्या ओळीने झीज झाकते, खोटे बोलणे झाकत नाही.

कागदाच्या तंट्यांत यंत्राच्या तंट्यांपेक्षा अधिक माणसे बुडतात, तरी त्यांची चर्चा कमी होते. गाडी चोरीची निघाली तर दुकानदाराला जी मालकी नव्हती ती तो आपल्याला देऊ शकत नाही; गाडी मूळ मालकाकडे जाते आणि आपण दुकानदाराकडे पैसे मागत बसतो. बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते: निपाणीची के.ए. २३ किंवा बेळगावची के.ए. २२ पाटीची गाडी स्वस्तात दिसते. तिच्यासाठी तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, इकडे महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इकडे ठेवायची तर एम.एच. ०९ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च मिळवून पाहिला की स्वस्ताई पुष्कळदा आटते. दुकानदाराने "ते आम्ही करून देऊ" म्हटले, तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे पावतीवर लिहून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यासाठी, कारण आज जो घेतो तो उद्या विकतो. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी दुकानात सोडण्याची जी चाल पडली आहे, तिने शांत माणसे संकटात येतात. एक गाडी हातोहात अनेकांना विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली, आणि अपघात झाला; फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. तेव्हा विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते, ते कळवावे. विमा नावावर करून घेण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यायचा. तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. नाव बदलण्याआधी गाडी झाडावर आदळली तर विमा कंपनी हात वर करते, आणि तिचे ते करणे कायद्याला धरून असते.

आयोगाचा हुकूम हाती आल्यावरही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. हुकूम न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विक्रेत्याला अपील करायचे तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते, आणि त्यासाठी हुकमातील रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. त्या टप्प्यावर आल्यावर तडजोडीचा निरोप बहुधा दुकानाकडूनच येतो. तो आला तर रक्कम खात्यावर जमा झाल्याखेरीज तडजोडीच्या कागदावर सही करू नये.